दोन किलो तीनशे

विदुलाच्या ताणकाट्याला तंबू टांगला:
दोन किलो तीनशे, खुंट्यांसकट.
मग नाहूरच्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी,
तो शनिवारी संध्याकाळी उभारून पाहिला.
गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत,
म्हणून चार कोपऱ्यांना चार कुंड्या,
त्यातली एक साठेबाईंच्या गवती चहाची, न विचारता.

विदुला म्हणाली, तंबूच घेऊ.
रतनवाडी, कुमशेत, पाचनई: तीन रात्री.
कुणाच्या दाराशी जाऊन
पडवीत पाठ टेकू का, विचारायला नको.
पिसवा नाहीत, चुलीचा धूर नाही,
पहाटे चारला कानाशी कोंबडा नाही.
चेन ओढली की घर.

मी म्हणाले, दोन किलो तीनशे
कात्राबाईच्या खिंडीत पाच किलो होतात.
शिवाय माझा डावा गुडघा, ज्याचं मत कुणी घेत नाही.
पडवीला वजन नसतं.

नसतं, म्हटलं खरं,
पण मला आठवली मागची एक पडवी:
घोंगड्या आम्हाला देऊन
घरची माणसं चुलीपाशी मुटकुळं करून झोपलेली,
आणि सकाळी पैसे घेताना
त्या बाईने मान तिसरीकडेच वळवलेली,
जणू नोट माझ्या हातातून तिच्या हातात
वाऱ्यानेच गेली.
ते अजून पाठीवर आहे.

टाकीचा कॉक बंद करायला सोमा वर आला.
सोमा भांगरे, आमचा वॉचमन,
सात वर्षं जिन्याखालच्या केबिनमध्ये,
जिथे पाय लांब केले की मीटरच्या पेटीला लागतात.
तंबूभोवती त्याने एक फेरी मारली,
बाजारात बैल बघावा तशी.
कापड चिमटीत धरलं. सोडलं.
"कुठं निघालात?"
सांगितलं.
कुमशेत म्हणताच त्याचा हात कॉकवर तसाच राहिला,
टाकी भरून पाणी आमच्या चपलांखालून वाहू लागलं.
"आमचंच की गाव. आंब्याखालचं घर.
आई असती. पडवी मोठी हाय.
तिथं हे असलं कापड उभं केलंत ना,
तर म्हातारी रातभर बाहेर बसंल,
पाहुण्यांना काय कमी पडलं म्हणून."

सात वर्षं.
मला त्याच्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं.
नकाशावर मात्र त्याच नावाभोवती
दोनदा पेन्सिल फिरवली होती,
पाणी आहे, अशी खूण करून.

विदुला गप्प. मी गप्प.
पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचा काळा डोंगर,
आणि त्याच्या पायाशी तीस-तीस मजल्यांचे दिवे.

दुसऱ्या दिवशी खालून एक पिशवी आली:
आईसाठी चश्मा, खोकल्याचं औषध, फरसाणाचं पाकीट.
विदुलाने सवयीने तीही काट्याला टांगली,
आणि आकडा न बघताच, ओशाळून, काढून घेतली.

तंबू गच्चीतच राहिला.
"वापर हवा तर," मी सोमाला म्हणाले,
"सेक्रेटरींना मी सांगते."
सांगितलं नाही.

कुमशेतला पिसवा होत्या. धूर होता.
कोंबडा चारला नव्हे, पावणेतीनला आरवला.
म्हातारीने चश्मा चढवला, मला नीट न्याहाळलं,
आणि म्हणाली, तू तर बरीच थोराड की गं,
एवढं चालायचं काय नडलंय?
सकाळी पैसे घेतले, दोनदा मोजले,
आणि दहा रुपये परत दिले.

परतल्यावर विचारलं, कसा काय होता तंबू?
सोमा कुंड्या जागच्या जागी लावत होता.
"पाय पुरले, ताई. झोप लागली.
पण आतून चांदण्या दिसत नाहीत.
दुसऱ्या राती मुंडकं बाहेर काढून निजलो."