ओलं आहे, हात लावू नका

ब्रश मी सोडला त्या उन्हाळ्यात.
टर्पेंटाइन परवडेना, एवढंच कारण.
सुरी काय, फडक्याला पुसली की झाली.
गल्लीतली पोरं म्हणाली, "काय बे मास्तर,
गवंडीकाम धरलं का?"
खरंच, थापीच ती,
अंगठ्याएवढ्या पात्याची.
दाबली की वाकते,
सोडली की सरळ होऊन माझ्याकडं बघते.

हिप्परग्याचा तलाव तिला सोपा गेला.
मे महिन्यात पाणी मागं सरतं,
काठाची भेगाळली माती आपणहून जाड होते.
बर्न्ट अंबर घेतला, थोडा पांढरा,
आणि पोळपाटाच्या कडेचं पीठ ओढावं
तसा ओढला.
पाण्यात पाय घालून उभी असलेली म्हैस
एका फटक्यात झाली.
दुसरा दिला असता
तर ती म्हैस राहिली नसती.

गिरणीची चिमणी मात्र
तीनदा उभी केली, तीनदा पडली.
मग ध्यानात आलं,
ती पाडूनच किती वर्षं झाली.
भोवती आभाळ थापलं, राखी, बोटभर जाड,
आणि चिमणीच्या जागेवरचा रंग
पात्यानं खरवडून काढला
कॅनव्हासचं सूत दिसेपर्यंत.
बाबा त्या गिरणीत साच्यावर होते.
त्यांनी चित्र पाहिलं,
भोंगा झाल्यासारखं घड्याळाकडं पाहिलं,
आणि चपला घालून बाहेर गेले.

भिंतीपलीकडं बारा माग.
दिवसभर खटखट,
आणि रुईचे तंतू येऊन बसतात
ओल्या रंगावर.
पहिल्या वर्षी चिमट्यानं एकेक काढायचो,
डोळे चुरचुरायचे.
आता राहू देतो.
साखर पेठेतल्या आभाळाला
थोडी लव असतेच.

समोरच्या उंबऱ्यात नरसव्वा येमूल,
मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, पत्र्याचा फर्मा.
रोजच्या हजार विड्या.
तिला मी सात फटक्यांत घेतली:
हिरवं लुगडं दोन, पदर एक,
सूप दोन, पाठ एक,
आणि डोकं, गेरूचा एक ठिपका.

दुपारी ती बघायला आली,
दारावरची पाटी न वाचता.
"तोंड कुठाय रे माझं?"
"सुरीनं तोंड येत नाही, अव्वा."
"नाक तरी?"
"तेही नाही."
ती हसली, लेकीला तेलुगूत काहीतरी म्हणाली,
त्यातलं 'गोडा' तेवढं मला कळलं.
गोडा म्हणजे भिंत.

मग अगदी जवळ गेली,
नाक रंगाला लागेल इतकी.
"दोरा नाही बांधला," म्हणाली.
"असा सुटा कट्टा घेतात व्हय कारखान्यात?"
आणि मी ओलं आहे म्हणेपर्यंत
विड्यांची तोंडं दुमडून दुमडून
खापरीसारखं झालेलं अंगठ्याचं नख
सुपातल्या तपकिरी थरावरून
तिनं आडवं ओढलं.
खालचा लाल वर आला.
तो लाल मी कधी लावला होता
मलाच आठवेना.

"पुसतं का हे?"
नख दाखवत विचारलं तिनं.
रॉकेलचा बोळा दिला.

इथल्या उन्हात तैलरंग
दोन दिवसांत वरून साय धरतो,
आत महिनोन् महिने ओला.
चित्र अजून भिंतीला टेकलेलं,
रेघ तशीच, थोडी तिरकी.
मघाशी नरसव्वा खिडकीतून ओरडली,
"तुझ्या चित्रापायी चाळीस कमी भरल्या बघ आज!"
म्हटलं, "अव्वा, चित्रातल्या धरा की."
ती म्हणाली,
"त्यात तंबाखू भरलायस का?"