रोजचा सोमवार

उभादांड्याला, बर्फाच्या कारखान्यासमोर
आमच्या दर्शनाने हॉटेल घातलंय. पाच टेबलं.
पाटीवर लिहिलंय: व्हीगन.
"म्हंजे काय गो?"
"शिवराक, बाबा. दूध-तूपसुद्धा नाय."
"म्हंजे रोज सोमवार?"
हसली. भांडली नाही, तेच जास्त लागलं.

आज होडी ओढून तसाच आलो,
अंगाला बांगड्याचा वास, खिशात जाळ्याची सुई.
पुण्याची दोघं सोलकढीचा फोटो काढत होती.
मी कोपऱ्यात बसलो, पंख्यापासून लांब,
वास पसरायला नको.

तिने विचारलं नाही, वाढलं.
काळ्या वाटाण्याचं सांबारं, दोन आंबोळ्या,
आणि फणसाची कुयरी,
खोबरं घालताना हात आईसारखाच सैल.

कुयरीचा घास तोंडात गेला
आणि जीभ आपली आपण
काटा शोधायला लागली,
दाताशी, गालाशी,
चाळीस वर्षांची राखण.
नव्हता काटा.
तरी सावकाशच जेवलो.

हात धुताना मागे येऊन उभी राहिली.
"मीठ कमी पडलां," मी म्हटलं.
"आणि उद्या येतंय.
पंख्याखालचां टेबल धरून ठेव."