बसू द्या त्याले

राईस मिलच्या आवारात, कोंड्याच्या ढिगापाशी,
दोन बांबूंमध्ये धोतर ताणलेलं.
नाही, चादर होती ती, मिलमालकाच्या लग्नातली,
मधोमध उभी शिवण.
मारधाडीचा सांगून कोराम मशीनवाल्यानं
साकोलीहून भलतीच पेटी आणलेली.

चित्रात एक माणूस, काळापांढरा.
कडेवर पोर, पोराच्या कपाळावर ओली पट्टी.
तो चालतो. गाणं नाही.
एका देवळाचं दार बंद,
दुसऱ्याचं उघडं, पण पुजारी झोपलेला.
पिराच्या जाळीला तो दोरा बांधतो
आणि गाठ बसली का, ते चारदा ओढून पाहतो.
शिवणीवरून जाताना दर वेळी
त्याचा चेहरा जरासा फाटायचा.

मग तो एका पायरीवर बसतो.
बसतो.
बसूनच राहतो.

"अबे कोराम, मशीन अटकली का बे?"
"पुढं सरकव!"
अर्धे लोक शेकोटीकडं गेले.
कापगते गुरुजी म्हणाले, यात अर्थ आहे.
ते ऐकून आणखी दहा जण उठले.

माझ्या शेजारी सायत्राआत्या,
मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला वामन.
थंडीत त्याची हाडं ठणकायची.
रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, असं
भंडाऱ्याच्या डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलेलं.
आत्याला विळा कळला.
बाकीचा कागद तिनं घडी करून
तांदळाच्या डब्यात ठेवला.

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली,
"बसू द्या ना त्याले.
थकला असन."

शिट्ट्या थांबल्या असं नाही,
पण जवळच्या दोघांनी आवाज खाली घेतला.
तेवढ्यात एक कुत्रं त्या माणसाच्या पायाशी आलं,
हुंगलं, निघून गेलं.
पुढचं मला आठवत नाही, मी झोपले.

वामन एकोणीस वर्षं जगला.
डॉक्टर बारा म्हणाले होते.
वरच्या सात वर्षांचं श्रेय
आत्यानं कोणालाच दिलं नाही.
मंगळवारी माताबाईपुढं नारळ,
बुधवारी दवाखान्याची रांग,
दोन्हीकडं उभी राहायची सारखीच:
पदर खोचलेला, चिल्लर मुठीत,
आणि पुढच्या माणसाला घाई करायची नाही.

परवा लाईट गेली तेव्हा
मोबाइलवर तो सिनेमा सापडला.
किती ओरखडे, जसा पडद्यावर
धान कापल्यावरचा धुरोळा.
त्या पायरीपर्यंत आले. मोजलं.
दोन मिनिटं, चाळीस सेकंद.
मला वाटायचं, अर्धी रात्र.
कुत्रं नव्हतं.
मागं नेलं, पुन्हा पाहिलं. नव्हतंच.
म्हणजे मिलचंच ते, उजेडातून गेलेलं,
कोंड्यात झोपणारं, एका कानाचं.
इतकी वर्षं मी त्याला
सिनेमात सांभाळत होते.

चेहऱ्यावर शिवणही नव्हती.
सगळा चेहरा एकसंध, आणि मला तो
जरा परका वाटला.

बॅटरी नऊ टक्के.
पोराचं काय होतं, ते पुढं आहे.
बोट काचेवर ठेवून मी थांबले.
फोनमधून नुसता वारा येत होता,
आणि लांब कुठं तरी दोराला बांधलेली घंटा.

आतल्या खोलीतून, अंधारातून, आत्या म्हणाली,
"उठला का वं तो?"