एंगेल्सच्या कुरणात

लंगर गावातून निघालो तेव्हा तो नव्हताच.
दिवसभर नुसती धाप, शेजारून पाटाचं पाणी,
आणि पुढे चालणाऱ्या योदगोरच्या रबरी बुटांच्या टाचा.
मग एका उंचवट्यावर योदगोर बाजूला झाला,
दारातल्या माणसाने पाहुण्याला वाट द्यावी तसा,
आणि समोर
साडेसहा हजार मीटर.

मी टोपी धरली. मान इतकी मागे गेली
की डोकं पाठीवरच्या सॅकला टेकलं.
खाली काळा कडा, त्यावर उभं बर्फ,
त्याच्यावर आणखी बर्फ,
जिथे एव्हाना आभाळ लागायला हवं होतं तिथेसुद्धा.
कमावलेला एक श्वास होता छातीत,
तोही बघण्यात खर्च झाला.

"एंगेल्स," योदगोर म्हणाला. "पलीकडे मार्क्स."
आळीतल्या दोघांची ओळख करून द्यावी तसा,
सिनेमांतून उचललेल्या हिंदीत.
कुणी तरी कधी तरी नकाशावर नावं टाकली,
टोपीवर काडी पडावी तशी.
डोंगराने ती झटकली नाहीत,
ठेवूनही घेतली नाहीत.

दगडी खोपटात निसोबेगीमने मिठाचा चहा दिला,
वर लोण्याचा तवंग.
उन्हाळाभर ती इथेच: चौदा याक, साठ शेळ्या, एक नातू.
घरात याला काय म्हणता, मी विचारलं.
धार काढता काढता, वर न बघता ती काही बोलली.
योदगोरने दोनदा विचारून खात्री केली.
"घड्याळ."
ऊन त्या तिरप्या भेगेपर्यंत चढलं की शेळ्या आत,
नुसतं टोकावर उरलं की दूध गाळून झालेलं पाहिजे.

मी तिला आमची म्हण सांगितली,
दुरून डोंगर साजरे.
योदगोर अडखळला, बाकीचं हातवाऱ्यांनी भागवलं.
तेव्हा कुठे ती शिखराकडे वळली.
डोळे बारीक करून पाहिलं,
विकायला आणलेलं जनावर पाहावं तसं,
आणि म्हणाली,
मग तुम्ही अजून दूरच आहात.

रात्री तंबूची चेन थोडी खाली ओढली.
चंद्र नव्हता.
तारे जिथे नव्हते, तेवढं शिखर.
वर कुठे तरी बर्फ तुटलं; आवाज फार उशिरा पोचला.
गोठ्यात एक शेळी शिंकली.
मी ओले मोजे पोटाशी धरून
तसाच बसून राहिलो,
नाकाचा शेंडा बधिर होईपर्यंत,
आणि त्यानंतरही थोडा वेळ.