चष्म्याचा नंबर

हाप्सालूच्या घरात आई दोन वर्षं
रेडिओ उशीखाली दाबून झोपायची.
बंद रेडिओ, वायर तिनंच कापलेली.
तरी म्हणायची, नावानिशी बोलतात मेले:
शेजारची आस्ता विहिरीत काहीतरी टाकते,
आणि ऊनो गुरुवारी मासे आणायला जात नाही.

ऊनो म्हणजे माझे वडील.

गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या.
आई जाड झाली,
आवाज काही बारीक झाले नाहीत.
आस्तानं कुंपणावरून बोलणं टाकलं.
मीही एकदा म्हणाले, पुरे कर नाटक.
ते वाक्य अजून माझ्या दाढेत अडकलंय.

मग विणताना टाके दिसेनात
म्हणून चष्म्याच्या दुकानात गेलो.
तिथल्या पोरानं डोळ्यात उजेड टाकला,
पुन्हा टाकला,
आणि नंबर न सांगताच टार्टूला फोन लावला.

कपाळामागे, छोट्या बटाट्याएवढी गाठ.
कधीपासूनची, ते सर्जनलाही सांगता येईना.

आता टाके कपाळावर, आणि त्यावर
तिनंच विणलेली टोपी.
रेडिओला नवी वायर; तो खिडकीत बसून हवामान सांगतो.
आस्ता जॅमची बरणी घेऊन आली, दोघी रडल्या.
सगळं त्या गाठीचंच होतं, वडील सांगतात
ज्याला त्याला, जरा घाईनंच.
आई मान हलवते.

गुरुवारी ते बादली घेऊन निघतात.
एकदा मी बंदरावर जाऊन आले.
मासळीची टपरी मार्चपासून बंद आहे.

काय गं, गारठलीस? आईनं विचारलं.
मी चहा ठेवला.
गाठ, डॉक्टर म्हणाले होते, मुळासकट निघाली.