प्रतीक्षा यादी, क्रमांक एक

बर्फाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली,
तरी शाळेच्या भिंती अजून हाताला गार लागतात.
अमोनियाच्या टाकीवर पोरांनी मोर काढलाय,
आणि लाद्या सरकायच्या त्या उतारावर
नृत्याच्या मुली घसरतात, हसतात, पुन्हा चढतात.
शासकीय कला विद्यालय, वेंगुर्ला बंदर.
आठवी ते बारावी. जागा चाळीस.
मी य. बा. आरोलकर, कनिष्ठ लिपिक.
मला सूर कळत नाही.
मला रकाने कळतात.

एप्रिलात तीनशे अकरा मुलं आली.
कुणाची पेटी टेम्पोतून, शेजारी आंब्याच्या करंड्या.
परुळ्याचा एक दशावताऱ्याचा पोर जत्रेतून थेट,
कानामागे रात्रीचा रंग तसाच.
उभादांड्याच्या मेल्विनच्या व्हायोलिनची तार तुटली
आणि तो तीन तारांवर सगळं वाजवून गेला,
कपाळावरचा घामसुद्धा न पुसता.

चार वाजता दर्पणा मेतर, निवती.
वडील: खलाशी.
कलाप्रकार: रकाना मोकळा.
‘काय करतेस, बाळ?’
तिनं पिशवीतून जाळ्याचा फाटका तुकडा काढला,
बांबूची सुई, तंगुसाची गुंडी,
एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं
आणि परीक्षकांसमोर फरशीवर बसली.
सात मिनिटं कुणी बोललं नाही.
खोलीत फक्त सुईचा आवाज,
तो आवाज म्हणावा का, मला माहीत नाही.
‘आधी भोकाचा माप,’ ती म्हणाली, ‘मगे गाठ.’

कोल्हापूरचे शिल्पाचे सर म्हणाले, ‘हा धंदा झाला.’
नाट्याच्या बाई म्हणाल्या, ‘मग आपण काय करतो?’
चहा आला. बशीत सांडला.
शेवटी तिचा नंबर एक्केचाळीस.
मी फलकावर यादी लावली,
प्रतीक्षा, क्रमांक एक,
आणि टाचणी जरा जास्तच जोरात दाबली.

जुलैत तबल्याचा एक मुलगा घरी गेला, परत आला नाही.
जागा मोकळी. नियम: सात दिवसांत हजर.
मेतरांचा फोन बंद.
म्हापणपर्यंत एसटी, पुढं रिक्षा, पुढं चिखल.
ओटीवर जाळ्याचा डोंगर, त्याच्यामागून नुसता एक हात.
‘तुझं नाव लागलं गं.’
तिनं दातानं दोरा तोडला.
‘आता खंयचा? दोन होड्येंची जाळी शिवची आसत.
नारळी पुनव जाऊंदे. मगे येतंय.’
आई आतून ओरडली, ‘अगो, साहेबांका पाणी तरी दी!’
मी पाणी प्यालो.
पत्र पिशवीतच राहिलं.

तेवीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय,
एक तारीख इकडची तिकडे केली नाही.
त्या आठवड्यात दर्पणा मेतर यांचं पत्र
पेपरवेटखाली होतं,
पेपरवेटवर हजेरीपट,
हजेरीपटावर माझा डबा.
प्राचार्यांनी दोनदा विचारलं.
‘टपाल उशिरा जातंय, सर. पाऊस.’
पाऊस खोटं बोलत नाही, म्हणून त्याचं नाव घेतलं.
पुनवेच्या आदल्या दिवशी जावक क्रमांक टाकला.
शाई जरा पसरली, तीही मी पुसली नाही.

पुनवेला होड्या गेल्या, चौथ्या दिवशी ती आली.
पत्र्याची ट्रंक, तेलाचा वास, बोटांवर तंगुसाच्या रेघा.
कुणी सांगितलं नव्हतं,
तरी आधी व्हॉलीबॉलच्या नेटकडं गेली,
दोन पावसाळे फाटलेलं ते,
आणि जेवणाची घंटा होईपर्यंत तिथंच.

आता मी खिडकीतून पाहतो.
शिल्पाचे सर मातीचा गोळा देतायत,
साधा, ओला, नारळाएवढा.
इतर मुलांनी लगेच नाक काढलं, डोळे काढले.
ही गोळा उलटसुलट करते,
तळ बघते, उन्हाकडं धरते,
आणि सरांना विचारते,
‘सर, ह्येका भोकां खंय?’

सर गोळ्याकडं बघत राहिलेत.
मी रकाना पाच उघडून बसलोय.
पेनाचं टोपण काढलंय.