जांभळा शिक्का

कम्वेंडो वकील फी म्हणून
कधीकधी सुकवलेले चांबो मासे घेत.
आमच्या फायलींना सरोवराचा वास यायचा,
न्यायाधीश नाक मुरडायचे.

माझ्या टाइपरायटरचं एक अक्षर तुटकं होतं,
'दया' लिहिताना नेमकं तेच लागायचं.
मी ते हातानं भरायची.

होडीवाल्या म्बेवेसाठी तीन अर्ज धाडले
राष्ट्राध्यक्षांकडे.
तिसऱ्यावर जांभळा शिक्का, एकच शब्द.
त्याच्या बायकोला तो वाचून दाखवायला
साहेब सायकलनं चौदा मैल गेले.
दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहिले
तेव्हा पँटीला लाल माती तशीच.

मग सभा, तुरुंग, पुन्हा सभा, मतपेट्या.
ते सगळं वर्तमानपत्रांत आहे.

आता त्या खुर्चीत ते.
बाहेरच्या खोलीत मी,
यंत्र नवं, एकही अक्षर तुटकं नाही.

आज एक अर्ज आत नेला.
कुणा बाईचा. वकिलाची सही पोरसवदा.
खणात शिक्का तोच,
रबर जराही झिजलेलं नाही.

साहेबांनी कागद नाकाशी नेला,
हुंगला.
"कुठल्या गावची गं ही?"

नऊ वाजून गेलेत.
आतला दिवा जळतोय.
मीही घरी गेलेली नाही.